‘राज’ खोडा, ‘वाडा’ ठेवा!

बिल्डिंग प्लॅनिंगच्या व्हायवाला सरांनी विचारलं, "पलात्झो म्हणजे काय?" मी ठोकून दिलं, "राजवाडा!" मार्क मिळाले. रूमवर येऊन सांगितलं तर पार्टनर म्हणतो, "अरे, पलाझो तर माझी ताई घालते!" खूप हसलो. पण माझंही उत्तर काही धड नव्हतं, हे नंतर लायब्ररीत बसल्यावर कळलं.

मूळ शब्द रोमचा. तिथल्या सात टेकड्यांपैकी एक पॅलाटिन, लॅटिनमध्ये पालाटियम. सम्राट ऑगस्टस तिथे राहायचा. पुढच्या सम्राटांनी बांधकाम इतकं वाढवलं, की टेकडीचं नावच इमारतीला चिकटलं. इंग्रजी पॅलेस, फ्रेंच पॅले, जर्मन पालास्ट ही सगळी त्याचीच पिल्लं. इथवर राजवाडा ठीक आहे.

इटलीत मात्र हा शब्द टेकडी उतरून गल्लीत आला. फ्लॉरेन्सचा पलात्झो वेक्कियो १२९९ मध्ये बांधायला घेतला, तो राजासाठी नव्हे, प्रजासत्ताकाच्या कारभाऱ्यांसाठी. मेदिचींचा पलात्झो १४४४ पासूनचा, मिकेलोत्झोने बांधलेला. मालक कोसिमो मेदिची, धंद्याने बँकर. गावात राजा नाही, पण सूत्रं याच्या हातात! अशा माणसाला राजासारखं दिसणं परवडणारं नव्हतं. ब्रुनेलेस्कीचं डिझाइन फार भपकेबाज म्हणून त्याने नाकारलं, असं वासारी लिहितो. मग रस्त्याकडून तळाला खडबडीत दगड, वरचे मजले गुळगुळीत होत गेलेले, आणि आत सुंदर चौक. याला राजवाडा म्हटलं की त्या माणसाची सगळी सावधगिरीच पुसली जाते. माझा खरा आक्षेप हा आहे.

आजही इटलीत फ्लॅटांच्या साध्या इमारतीला पलात्झोच म्हणतात. त्या हिशोबाने आपलं हॉस्टेलसुद्धा... असो, रेक्टर सर वाचतायत.

बरं, आपल्याकडे शब्द नाही असंही नाही. पेशव्यांचा शनिवारवाडा हा वाडा, आणि बारा बिऱ्हाडं अन् एका नळावरची भांडणं असलेला, तोही वाडाच. सरदाराचा, सावकाराचा, भाडेकरूंचा, सगळ्यांना पुरतो. मधे चौकसुद्धा असतो! मग ‘राज’ कशाला जोडायचं?

उत्तर कुठून आलं म्हणाल, तर सीनियरच्या जर्नलमधून. त्याने त्याच्या सीनियरचं छापलं होतं. माझ्या जर्नलमध्ये मी ‘राज’वर काट मारली आहे. ज्युनियर्सनी सबमिशनला न्यायचं असेल तर खुशाल न्या, फक्त ते पान नीट बघून उतरवा.