काळी आई चालते, काळी लेक का चालत नाही?

आजचा विषय चावडीवर मोठ्याने वाचण्यासारखा नाही, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. पिकाचा भाव, पाण्याची पाळी, सोसायटीचे कर्ज हे वर्तमानपत्राचे विषय. पोरीबाळींच्या मनाचे काय लिहावयाचे, असे म्हणणारे वडीलधारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, ज्या घरची लेक रात्री उशीत तोंड खुपसून रडते आणि सकाळी डोळे पुसून भाकरी थापावयास बसते, त्या घरात काहीतरी बिघडलेले आहे. मग ते घर कुणब्याचे असो, सुताराचे असो, कुंभाराचे असो, बौद्धाचे असो की मातंगाचे. म्हणून आम्ही हे लिहीत आहो. आणि घरात शिकती मुलगी असेल तर तिच्यादेखत वाचावे, अशी विनंती करितो.

वाशी तालुका हा धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या अंगाचा कोरडवाहू मुलूख. पाऊस वेळेवर आला तर सोयाबीन आणि तूर; न आला तर चूलभांडी गाडीत टाकून ऊसतोडीची वाट. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यांत कित्येक बायाबापड्या दारूच्या धुळीत हात काळे करून रोजची भाकर मिळवितात. अशा मुलखातील मुली आज वाशीच्या कर्मवीर मामासाहेब जगदाळे महाविद्यालयात शिकतात. कोणी बार्शीस जातात, कोणी धाराशिवास. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली तेव्हा लोकांनी शेण मारले. आज ज्या घरी आजीने कागदावर अंगठा उठविला, त्याच घरची नात पदवीची परीक्षा देते. ही आमच्या मते सोन्याहून मोलाची कमाई आहे.

परंतु कॉलेजात पोरगी एकटे पुस्तकच वाचीत नाही. विशीच्या वयात मन कोणावर तरी जडावयाचेच. त्यात लाजण्यासारखे काही नाही. बरोबरचा एखादा मुलगा वह्या नेतो, परीक्षेच्या आधी तिने काढलेली टिपणे मागतो, रात्री फोनवर तासभर बोलतो. ही धीर करून एके दिवशी मनातले विचारते. तो खाली बघून म्हणतो, ‘तू लाख चांगली आहेस, पण आमच्यात चालणार नाही.’ त्या ‘चालणार नाही’च्या पोटात कधी जात असते, कधी रंग असतो, बहुधा दोन्ही असतात. मैत्रिणी समजूत घालावयास येतात आणि मिठाची चिमूट टाकून जातात: तो एवढा गोरागोमटा, तू कशाला एवढी आशा धरलीस?

अशी मुलगी आम्ही नाव घेऊन सांगत नाही. गावोगावच्या वाचकांस ती ओळखू येईल. ती आरशासमोर उभी राहते आणि आपला जन्मच चुकला असे ठरविते. कोणाचे कानकोंडे बोल आठवून ती आपल्या वस्तीची, आडनावाची, आईच्या लुगड्याची लाज धरू लागते. शेवटी तो सारा राग आईवर निघतो: ‘मला अशी काळी कशाला जन्माला घातलीस?’ जिची पाठ चाळीस वर्षे उन्हात रापली, त्या माउलीपाशी ह्याला उत्तर नसते. नकार दिला एका पोराने. शिक्षा भोगली मायलेकींनी.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती प्रथम सोडविली पाहिजे. प्रीतीला नकार देण्याचा हक्क ज्याला त्याला आहे. मन म्हणजे काही सातबाऱ्याचा उतारा नव्हे की अर्ज केला आणि नाव चढले. त्या मुलाचे मन तिच्यावर नसेल तर तसे सरळ सांगण्यात पाप नाही. उद्या तिला कोणी विचारले आणि तिला तो आवडला नाही, तर तिलाही हाच हक्क आहे. आणि तिने नाही म्हटले म्हणून तिच्या वाटेवर गाडी आडवी घालणाऱ्या टोळभैरवांस आम्ही गुन्हेगारच समजतो. अशा नकाराचे दुःख खरे असते, पण ते दिवस गेले म्हणजे ओसरते. ‘तू ह्या जातीची, तू ह्या रंगाची, म्हणून नाही’ हे निराळेच प्रकरण आहे. नकार एका माणसाचा असतो. हा तर सगळ्या गावाने आधीच करून ठेवलेला निवाडा. पोरगा तो नुसता वाचून दाखवितो. पहिल्या गोष्टीचे दुःख मुलीने सोसावे. दुसऱ्या गोष्टीची लाज तिने एक क्षणही अंगावर घेऊ नये, कारण ती लाज तिची नाहीच.

कोणी पढीक गृहस्थ म्हणतील की, जातीजातींत वंशाचाच फरक आहे, रक्तच निराळे आहे, तेथे मुलाने काय करावे? ह्या थापेचा इतिहास वाचकांनी ऐकावा. ‘वर्ण’ ह्या एकाच शब्दात शास्त्रकारांनी अंगाचा रंगही बसविला आणि समाजातील पायरीही बसविली. पुढे इंग्रजी अमलात १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी लोकांची नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे पुढे ठेवून दाखविले की, नाकावरून वंश ठरत असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्यांच्या फूटपट्टीने माणसाला खाली ढकलले, त्यांच्याच फूटपट्टीने बाबासाहेबांनी त्यांचे माप काढले.

दुसरी हकीकत एका विद्यार्थिनीचीच आहे. ती ब्राह्मण घरची म्हणून तिचे श्रेय आम्ही दडविणार नाही; सत्य कोणाच्याही घरी सापडले तरी ते उचलावे. इरावती कर्वे ह्या पंचविशीच्या आत असताना, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, बर्लिनला मानवशास्त्र शिकावयास गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे गोऱ्या वंशाच्या थोरवीचे पुरस्कर्ते. पुढे हिटलरच्या राजवटीला ह्यांच्याच विद्येचा टेकू मिळाला. गोऱ्या लोकांच्या कवटीच्या दोन बाजू विषम असतात आणि त्यावरून त्यांची बुद्धी वरचढ ठरते, अशी गुरूंची कल्पना. शिष्येने निरनिराळ्या वंशांच्या कवट्या घेऊन मोजल्या. तसा वंशभेद कोठेच आढळेना. गुरूला हवे ते लिहून दिले असते तर कौतुक झाले असते. परंतु परक्या मुलखात, गुलाम देशातून आलेल्या ह्या एकट्या बाईने जे मोजले तेच लिहिले. एवढ्या मोठ्या प्रोफेसराच्या प्रयोगशाळेत जो फरक सापडला नाही, तो वाशीच्या पोराच्या मावशीला पाहण्याच्या कार्यक्रमात चहा पिता पिता कसा काय सापडतो, हा आमचा सवाल आहे.

हा रोग एकट्या आमच्या देशाचा नाही. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांचे लग्न बेकायदा ठरविणारे कायदे कित्येक संस्थानांत होते. ते तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. दक्षिण आफ्रिकेत असाच कायदा १९४९ साली झाला आणि १९८५ साली गेला. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील हबशांची गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले, ते उगीच नव्हे. तेथील काळ्या माणसाचे आणि येथील शूद्रातिशूद्रांचे दुखणे एकच, हे त्या महात्म्याने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. फरक इतकाच की, तिकडे कायदा आड येत होता आणि इकडे कायदा पाठीशी उभा आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणत्याही जातिधर्माच्या स्त्रीपुरुषास लग्न करिता येते. आंतरजातीय लग्नास महाराष्ट्र सरकार पन्नास हजारांचे साहाय्य देते. सरकार पैसे देईल, कायदा सही देईल. धीर मात्र घरातूनच यावा लागतो.

आणि घरातून काय येते? वाशीपासून फार लांब नसलेल्या खर्डे गावी २०१४ च्या एप्रिलात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. वरच्या म्हणविणाऱ्या जातीच्या मुलीशी त्याचे बोलणे आहे एवढ्या संशयावरून. साक्षीदार उलटले आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. ज्या मुलखात अशी गोष्ट घडते, तेथील पोरांनी ‘आमच्यात चालणार नाही’ म्हणताना खाली मान घातली तर त्यातला निम्मा भाग भीतीचा असतो, हेही आम्ही जाणतो. पण ती भीती पेरणारे हात आकाशातून पडलेले नाहीत.

येथे भिक्षुकशाहीवर सगळे खापर फोडून मोकळे होता येणार नाही. भटजीला घराबाहेर काढले म्हणून सभेत टाळ्या घेणारे पुढारी आपल्या मुलाच्या स्थळासाठी ‘गोरी, उंच, आमच्यातलीच’ अशी जाहिरात देतात. कुळ्या मोजतात, आडनावे चाळतात. मुलीचा फोटो पाठविताना तो उजळ करून पाठवितात. गोरेपणाचे मलम हा तर मोठा धंदा झाला आहे. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली बाजारात आले. अमेरिकेत काळ्या लोकांचा संताप पेटला तेव्हा २०२० साली त्याच्या नावातून ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो’ घातला. नाव बदलले, खप चालूच आहे. भांगलणीची मजुरी मोडून पोरी त्या नळ्या विकत घेतात. ह्यात ब्राह्मण कोठे आला? हे आमच्याच उंबऱ्याच्या आतले आहे.

थोडा विचार करा. ज्या तुळजाभवानीला आपण अनवाणी जातो, तिची मूर्ती काळ्या पाषाणाची. ज्या विठोबासाठी पंधरा दिवस पायी चालतो, तो काळा. ज्या जमिनीवर आपले पोट आहे, तिला आपण ‘काळी आई’ म्हणतो. पांढऱ्या चोपण जमिनीस कोणी फुकट घेत नाही. देव काळा चालतो, जमीन काळीच लागते, आणि सून मात्र गोरी पाहिजे! हा कुठला न्याय?

आता तिघांस तीन गोष्टी सांगून पुरे करितो.

मुलीस सांगणे असे. तू विचारलेस ह्यात तुझे काही चुकले नाही; तुझ्या आजीला मनातले बोलण्याचीही सोय नव्हती. तो नाही म्हणाला. बरे, तो गेला. त्याच्या नकारावरून आपली किंमत ठरवू नकोस, आणि त्याच्या भ्याडपणावरून आपल्या जातीची तर नाहीच नाही. परीक्षा बुडवू नकोस. आईशी बोल, तिने ह्याहून मोठी उन्हे काढलेली आहेत. आणि उद्या तुझ्यापाशी कोणी तुझ्यापेक्षा खालच्या मानल्या जातीचा किंवा सावळा मुलगा मन मोकळे करील, तेव्हा आजची जखम आठव.

मुलास सांगणे असे. आवडत नसेल तर आवडत नाही असे स्पष्ट म्हण. आवडत असेल आणि घरच्यांचे भय असेल, तर त्या भयास भय म्हण. त्याला ‘रीत’ म्हणून सजवू नकोस. जिची टिपणे वाचून पास झालास, तिच्या हातचे पाणी घरात चालत नाही असे सांगताना जीभ अडखळली पाहिजे.

आईबापांस सांगणे असे. पोरांना आपण शाळेत घातले ते माणूस व्हावे म्हणून. काळी, गोरी, आपली, परकी हे शब्द चुलीजवळ बोलणे आजपासून बंद करा. पोर जे चुलीजवळ ऐकते तेच पुढे कॉलेजच्या पायरीवर बोलून दाखविते.

सत्यशोधक समाजाने १८७३ सालापासून लग्नाची जी पद्धत घालून दिली, तीत नवरानवरी स्वतःच्या तोंडाने मंगलाष्टके म्हणतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न सर्वांसमक्ष विचारते आणि वर ते हक्क देण्याचे वचन देतो. मुलीने विचारावे आणि मुलाने न भिता खरे उत्तर द्यावे, ही आमची रीत आहे. ‘आमच्यात चालणार नाही’ ही आमची रीत नव्हे. ती ज्यांची होती त्यांस परत करावी आणि मोकळे व्हावे.