स्वच्छतेचा जमाखर्च

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की व्यापारी कुटुंबांत दोन ठिकाणी एकाच वेळी आवराआवर सुरू होते. दुकानात मालाची मोजदाद, जुन्या वह्यांचे हिशेब आणि नव्या वह्यांची तयारी. घरात माळे, कपाटे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. दुकानातील आवराआवरीत पैन् पैची नोंद होते. घरच्या सफाईत मात्र बाटल्यांची किंमत तेवढी खर्चात दाखविली जाते. ती सफाई करताना कोणाच्या छातीत काय गेले, याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. वस्तुतः सर्वांत मोठा खर्च तोच असू शकतो.

आजच्या साधारण घरातील न्हाणीघराची फळी पाहावी. शौचालय स्वच्छ करण्याचे द्रावण, कपडे पांढरे करण्याचे ब्लीच, फिनाइल, आरसा पुसण्याचा फवारा, फरशीवरील पाण्याचे पांढरे डाग काढणारे अॅसिड आणि तुंबलेली मोरी मोकळी करणारा कॉस्टिक सोडा एवढ्या वस्तू तेथे सहज आढळतात. शिवाय कपाटात डांबरगोळ्या असतातच. यांतील प्रत्येक वस्तू आपापल्या कामाला उपयोगी आहे. त्यांना सरसकट विष ठरविणे अन्यायाचे होईल. धोका निर्माण होतो तो मुख्यतः तीन कारणांनी : दोन वस्तू एकत्र केल्याने, बंद जागेत वापरल्याने आणि थोडथोडी वाफ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने.

पहिले कारण सर्वांत तातडीचे आहे. शौचालयाच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकल्या जाणाऱ्या टी.सी.एल. पावडरीचा गुणही त्याच जातीचा. ‘एकाने डाग जात नाही, तर दोन्ही टाकून पाहू’, या साध्या विचाराने आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की त्यांतून क्लोरीन वायू बाहेर पडतो. आम्लाऐवजी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर असले, तरी परिणाम तोच होऊ शकतो. ‘घरगुती’ या शब्दाने रसायनाचा नियम बदलत नाही. ब्लीचमध्ये अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण मिसळले, तर क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. तेही डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला तितकेच जाचक असतात.

क्लोरीनचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. 1774 मध्ये स्वीडनच्या कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने हा वायू प्रथम तयार केला. पुढे फ्रान्समध्ये बेर्थोले याने त्याचा उपयोग कापड पांढरे करण्यासाठी करून दाखविला. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि तेथील बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. हाच क्लोरीन 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे युद्धातील शस्त्र म्हणून खंदकांतील सैनिकांवर सोडण्यात आला. एकच पदार्थ जीव वाचवितो आणि जीव घेतोही. फरक केवळ प्रमाणाचा, जागेचा आणि वापरणाऱ्याच्या जाणतेपणाचा असतो.

हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड आहे. त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत साचतो. न्हाणीघरात उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या स्त्रीचे नाक नेमके तेथेच असते आणि रांगणाऱ्या मुलाचेही. डोळे, नाक, घसा आणि फुप्फुसे यांच्या ओलसर अस्तराला क्लोरीन लागला की तेथे आम्ल तयार होते व अस्तर भाजल्यासारखे होते. प्रथम डोळ्यांची आग, ठसका आणि छाती आवळल्याची जाणीव होते. मात्रा अधिक असल्यास काही तासांनंतर फुप्फुसांत पाणी साचू शकते. म्हणूनच ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. अशा एकाच तीव्र प्रसंगानंतर काही व्यक्तींना दम्यासारखा विकार कायमचा जडतो, हेही वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे.

नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बर्लिंग्टन येथे एका उपाहारगृहात अशी दुर्घटना घडली. स्वयंपाकघराच्या फरशीवर आम्लयुक्त क्लीनर सांडले होते. त्यावर दुसऱ्या कर्मचाऱ्याने ब्लीचच्या जातीचे द्रावण टाकले. मिश्रण हिरवट होऊन फसफसू लागले. तेथील व्यवस्थापक ते बाहेर लोटून काढण्यासाठी पुढे झाला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. इतर अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. या घटनेतील बोध स्पष्ट आहे. चूक झाल्यावर ती ‘साफ’ करण्यासाठी तेथे थांबणे हीच सर्वांत मोठी चूक होय.

दुसरे कारण जागेचे. शहरांतील सदनिकांची न्हाणीघरे लहान असतात. खिडकी म्हणजे काचेच्या चार पट्ट्या, आणि त्याही थंडीत वा धुळीमुळे बंद. भिजू नये म्हणून दार लोटून घेतले जाते. अनेक घरी गरम पाणी सोडले जाते आणि त्याने वाफा अधिकच उठतात. मोठ्या अंगणात जी मात्रा हवेत विरून गेली असती, ती येथे एका श्वासाच्या अंतरावर कोंडून राहते. कापडी रुमाल किंवा करोनाच्या काळापासून घरात असलेला साधा मुखपट्टा वायूला अडवू शकत नाही. तो बांधला म्हणजे आपण सुरक्षित झालो, ही समजूत चुकीची आहे. उघडी खिडकी आणि उघडे दार हेच येथील खरे संरक्षण.

करोनाच्या काळाचा उल्लेख आला, तर त्या वर्षाचा एक आकडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. 2020 च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत अमेरिकेतील विषबाधा-माहिती केंद्रांकडे स्वच्छतेच्या व निर्जंतुकीकरणाच्या द्रव्यांविषयी 45,550 दूरध्वनी आले. आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ही संख्या सुमारे 20 टक्क्यांनी अधिक होती. त्यांतील एका स्त्रीने बाजारातून आणलेल्या भाज्या ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी यांच्या मिश्रणात बुडविल्या होत्या. तिला श्वास घेणे कठीण होऊन रुग्णालयात न्यावे लागले. आजाराच्या भीतीने केलेल्या अतिरेकी स्वच्छतेनेच तिला आजारी पाडले.

तिसरे कारण मात्र शांतपणे काम करते आणि म्हणून ते ध्यानात येत नाही. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 6,235 व्यक्तींच्या फुप्फुसांची क्षमता सुमारे 20 वर्षांच्या काळात मोजली गेली होती. जोराने सोडलेल्या श्वासात पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडते, हे या मोजणीचे एक परिमाण. वयोमानाने ही क्षमता सर्वांचीच घटते. परंतु स्वतःच्या घरी सफाई करणाऱ्या स्त्रियांमध्ये ती, सफाई न करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत, दरवर्षी 3.6 मिलिलिटर अधिक घटली. सफाई हाच व्यवसाय असलेल्या स्त्रियांमध्ये 3.9 मिलिलिटर अधिक. पुरुषांमध्ये असा फरक आढळला नाही. अर्थात त्या अभ्यासात सफाईचे काम करणारे पुरुष थोडेच होते.

साडेतीन मिलिलिटर म्हणजे एक चमचाही नव्हे. पण चक्रवाढीचा आणि दीर्घ मुदतीचा हिशेब ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांना लहान आकड्याचे मोल सांगण्याची गरज नाही. वीस वर्षांत ही जादा घट 72 मिलिलिटर होते. संशोधकांनी तिची तुलना दहा ते वीस वर्षे रोज एक पाकीट सिगारेट ओढण्याने होणाऱ्या हानीशी केली. ज्या घरात विडी-सिगारेटला उंबरठ्याच्या आत प्रवेश नाही, त्या घरातील सुनेच्या फुप्फुसांची ही झीज कोणाच्या ध्यानीमनीही नसते. अशा अभ्यासातून कार्यकारणाचा अंतिम निवाडा होत नाही हे खरे. परंतु सावध होण्यास तो पुरेसा आहे.

फवाऱ्यांविषयीही असाच पुरावा आहे. युरोपातील 10 देशांत 3,503 व्यक्तींवर झालेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्व व्यक्ती आपल्या घरची सफाई स्वतः करीत आणि आरंभी त्यांना दमा नव्हता. आठवड्यातून किमान एकदा सफाईचे फवारे वापरणाऱ्यांत दम्याची लक्षणे किंवा दम्याच्या औषधांची गरज निर्माण होण्याची शक्यता सुमारे दीडपट आढळली. कारण समजण्यास सोपे आहे. फडक्यावर ओतलेले द्रावण बहुतांशी फडक्यावरच राहते. फवाऱ्यातून मात्र त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगतात आणि सरळ छातीत उतरतात.

डांबरगोळ्यांकडे तर कोणी संशयाने पाहतच नाही. नॅफ्थॅलीनच्या या गोळ्या हळूहळू हवेत विरतात. त्या लहान होत जातात याचाच अर्थ त्यांची वाफ घरातील माणसे श्वासात घेतात. काही बालकांच्या शरीरात जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा तान्ह्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली किंवा रजई वापरली गेली, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आजीच्या पेटीतून मायेने काढलेला बाळंतविडा म्हणून बाळाच्या अंगाला थेट लावू नये. डांबरगोळ्यांत राहिलेले कपडे तान्ह्या बाळासाठी न वापरणेच उत्तम. लहान बाळ असलेल्या घरात सुकवलेली कडुनिंबाची पाने हा जुना उपाय अधिक बरा.

आता प्रश्न दुकानाचा. घरी सावधगिरी बाळगणाऱ्या व्यापाऱ्याच्या गल्ल्याशेजारीच अनेकदा सुट्या अॅसिडचे आणि फिनाइलचे कॅन असतात. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ते भरून दिले जाते. त्या बाटलीवर नाव नसते, सूचना नसते. घरी गेल्यावर ती कशाची आहे, हे दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशींना कळण्याचा मार्ग नसतो. अॅसिडच्या किरकोळ विक्रीविषयी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये स्पष्ट निर्देश दिले आहेत. खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि दिलेले प्रमाण यांची नोंदवही ठेवावी. छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र पाहावे. खरेदीचे कारण विचारावे. अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री करू नये. भंग केल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे निर्देश अॅसिड-हल्ल्यांच्या संदर्भात दिले गेले असले, तरी त्यांचा लाभ घरोघरी होऊ शकतो. जो व्यापारी नोंद करताना ‘हे ब्लीचबरोबर मिसळू नका, खिडकी उघडी ठेवा’ एवढे एक वाक्य बोलतो, तो मालाबरोबर विश्वासही विकतो. बाटलीवर मराठीत दोन ओळींची चिठ्ठी चिकटविण्यास किती खर्च येतो?

घरासाठी नियम मोजके पुरेत. एका वेळी एकच द्रव्य वापरावे. दुसरे वापरणे भाग असेल, तर पहिले भरपूर पाण्याने पूर्ण धुऊन जाऊ द्यावे. दार व खिडकी उघडी ठेवावी, पंखा हवा बाहेर फेकणारा असावा. ब्लीच थंड पाण्यात आणि वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावे. फवारा हवेत न मारता द्रावण फडक्यावर घ्यावे. द्रव्ये मूळ बाटलीतच, मुलांच्या हाती न लागतील अशी ठेवावीत. दमा असलेल्या व्यक्ती, गर्भवती, वृद्ध आणि मुले यांना त्या वेळी त्या भागापासून दूर ठेवावे. रोजच्या सफाईला साबण, गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि हाताची मेहनत बहुधा पुरते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच आजही पुरेशी आहे.

कधी चूक झालीच आणि उग्र वास येऊन ठसका लागला, तर ताबडतोब बाहेर पडावे, इतरांनाही मोकळ्या हवेत न्यावे. मिश्रणावर आणखी काही ओतण्याचा किंवा ते उपसण्याचा प्रयत्न करू नये. डोळे चुरचुरत असल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावेत. श्वास लागणे, छातीत दुखणे किंवा खोकला न थांबणे यांपैकी काहीही असल्यास 108 किंवा 112 या क्रमांकावर मदत मागावी आणि शक्य असल्यास दोन्ही बाटल्यांची नावे डॉक्टरांना सांगावीत.

या सर्व नियमांत एक गोष्ट विसरली जाऊ नये. बहुतेक सुखवस्तू घरांत न्हाणीघर घासण्याचे काम घरच्या सुनेकडूनही निघून कामाला येणाऱ्या मावशींकडे गेले आहे. त्या एका घरी नव्हे, चार-पाच घरी तेच काम करतात. म्हणजे प्रत्येक घराने थोडी थोडी म्हणून सोसायला लावलेली वाफ त्यांच्या छातीत एकत्र होते. त्यांना कोणत्या बाटलीत काय आहे हे वाचून दाखविणे, खिडकी उघडून देणे आणि सणाच्या घाईत ‘जरा जास्त टाका’ असे न सांगणे, एवढे प्रत्येक घरधन्याच्या आणि घरधनिणीच्या हाती आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी वही उघडताना घर लखलखीत असावे, ही इच्छा योग्यच. परंतु त्या लखलखाटाची किंमत कोणाच्या श्वासातून वसूल झाली नाही ना, हे पाहणे त्याच हिशेबाचा भाग होय. ज्या घरात तो हिशेब चोख राहतो, त्याच घराची स्वच्छता खऱ्या अर्थाने जमेच्या बाजूला जाते.