हिशेब लोकांसमोर हवा

लोकशाहीत राज्य लोकांचे असते. म्हणून राज्याचा हिशेबही लोकांसमोर असला पाहिजे.

राजस्थानात १९९४ साली मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या भरविण्यास आरंभ केला. सरकारी कामांचे हजेरीपट तेथे गावकऱ्यांना मोठ्याने वाचून दाखविण्यात आले. तेव्हा मृतांच्या आणि कामावर कधीच न आलेल्यांच्या नावांवरही मजुरी उचललेली आढळली. कागदात दडलेली लबाडी चारचौघांत वाचताच उघडी पडली. अशा प्रयत्नांतूनच २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. २०१२ पासून केंद्र सरकार विविध खात्यांची आकडेवारी इंटरनेटवर एकत्र मांडू लागले.

हे योग्यच झाले. परंतु तेवढ्याने भागत नाही. माहिती जुनी, अपुरी किंवा न समजणाऱ्या भाषेत असेल, तर ती उघडी असूनही कुलुपात ठेवल्यासारखीच होय. शासनाने ती वेळेवर, लोकांच्या भाषेत आणि बेरीज पडताळता येईल अशा रूपात द्यावी. जेथे इंटरनेट नाही, तेथे ती पंचायतीच्या भिंतीवर लिहावी. मात्र कोणाचे खासगी जीवन त्यात उघडे पडू नये.

धन्याने विचारण्यापूर्वीच जो हिशेब पुढे ठेवतो, तोच खरा कारभारी. आणि लोकशाहीत धनी म्हणजे जनता!