कॉपी-पेस्ट पूर्वज

सबमिशनच्या आदल्या रात्री एक जर्नल किती खोल्या फिरून येतं, हे हॉस्टेलवर राहणाऱ्याला सांगायला नको. पहिल्या भिडूने ऑब्झर्व्हेशन टेबलमध्ये एक आकडा चुकवला, की सकाळपर्यंत तीच चूक पन्नास जर्नलांत सुवाच्य अक्षरात उतरलेली असते. आणि पन्नास जणांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटायला लागतं!

हे आठवायचं कारण म्हणजे इंग्रज लोकांच्या वंशावळ्या. शेक्सपिअरचं घराणं पुढे चाललं का, एवढ्या साध्या कुतूहलाने मी त्यात शिरलो आणि अडकलो. सोळाव्या-सतराव्या शतकातले पूर्वज शोधणारी हौशी मंडळी तिकडे भरपूर. पण त्यातले कित्येक जण दुसऱ्याने काढलेला वंशवृक्ष उचलून आपल्या बुंध्याला चिकटवतात. माझं स्पष्ट मत आहे : हा शोध नव्हे, हे जर्नल छापणं झालं.

मूळ वह्या मात्र आहेत, आणि फार रंजक आहेत. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, एक वही ठेवावी आणि दर रविवारी तीत आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत; एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. लोकांना वाटलं, आता यावर कर बसणार. (१७८३ मध्ये खरंच बसला, नोंदीमागे तीन पेन्स!) कागदी वह्या टिकेनात म्हणून १५९८ मध्ये चर्मपत्रावर नकला करायचा आदेश निघाला. त्यात म्हटलं होतं, की निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनचं, म्हणजे १५५८ पासूनचं, उतरवाच. मग काय, अनेक गावांत आधीची वीस वर्षं गाळलीच गेली. आळसाची मक्तेदारी काही आपल्याकडेच नाही!

खुद्द शेक्सपिअरची २६ एप्रिल १५६४ ची बाप्तिस्म्याची नोंद अशाच नकलेत आहे. जन्मतारीख वहीत नाहीच. २३ एप्रिल हा नंतरचा अंदाज. लग्नाची गंमत तर याहून मोठी. वूस्टरच्या बिशपच्या दफ्तरात २७ नोव्हेंबर १५८२ च्या परवान्याच्या नोंदीत वधू आहे टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली, आणि दुसऱ्याच दिवशीच्या हमीपत्रात स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे! कारकुनाने चुकीचं नाव टाकलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण तो दुसरा कागद हरवला असता तर? आज सगळं जग शेक्सपिअरला भलतीच बायको देऊन बसलं असतं. आणि त्याचा थेट वंश? तो १६७० मध्ये नातीच्या मृत्यूबरोबर संपला. उद्या कोणी 'मी शेक्सपिअरचा थेट वंशज' म्हणून भेटला, तर त्याला वही दाखवायला सांगा. बहीण जोन हिच्या बाजूने सांगत असेल तर गोष्ट वेगळी.

खाचखळगे अजून आहेत. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. समजा एप्रिल १६४० मध्ये एका जोडप्याचं लग्न लागलं आणि फेब्रुवारी १६४० मध्ये त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. नवखा लगेच भुवया उंचावतो. अहो, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४१ चा! त्यानंतर यादवी युद्धाच्या धामधुमीत कितीतरी वह्यांत वर्षानुवर्षांची खिंडारं. त्यात नावं मोजकीच. एका गावात दोन-तीन जॉन, आणि सगळे एकाच आडनावाचे. म्हणून बाप्तिस्मा सापडला की दफनांची पानं चाळायची : हा जॉन लहानपणीच गेला नाही ना? मग मृत्युपत्रं पाहायची, कारण त्यात बायका-मुलांची नावं येतात. कँटरबरीच्या धर्मन्यायालयातली १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आणि घरातल्या वंशावळ्या? १५३० ते १६८८ या काळात राजाचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून मानकरी घराण्यांच्या वंशावळ्या लिहून घेत. पण माहिती सांगणारे कोण? घरचेच! आजोबांपर्यंत ठीक, त्यामागे मात्र थोर पूर्वज सापडण्याची हौस कामाला लागते.

कुणी म्हणेल, छंद आहे रे, कुणाचं काय बिघडतं? माझ्या मते बिघडतं. तीन आठवड्यांचं होऊन गेलेलं एक बाळ वहीत नीट पुरलेलं असतं. कॉपी-पेस्टवाला दफनाचं पान उघडत नाही. तो त्या बाळाचं लग्न लावतो, त्याला सात मुलं देतो आणि त्यांच्यामार्फत स्वतःला जोडून घेतो. त्यात ते बाळ पुसलं जातं, आणि ज्याची ती सात मुलं खरोखर होती तो माणूसही. बहुतेक वेळा हा दुसरा कुणी मजूर असतो, किंवा ज्याच्या नोंदीत बापाचं नाव नाही असा कुणी. या लोकांनी मागे ना वाडा ठेवला ना पत्र. त्या वहीतली एक ओळ हाच त्यांचा जगल्याचा पुरावा. तीसुद्धा आपण दुसऱ्याच्या नावावर करायची?

त्यापेक्षा 'याच्या बापाचा पुरावा मिळाला नाही' असं लिहून थांबणारा मला मोठा वाटतो. त्याचा वंशवृक्ष बुटका असेल, पण उभा राहील.

मी स्वतः दुसऱ्या वर्षाला उत्तरावरून रीडिंग्ज 'बसवलेली' आहेत, त्यामुळे साधुत्वाचा आव आणत नाही. पण या टर्मला माझ्या जर्नलमधला एक रकाना मी रिकामा ठेवला आणि खाली लिहिलं, 'रीडिंग मिळालं नाही'. सरांनी बराच वेळ पाहिलं. मग सही केली.