'सर्व्हर डाऊन' म्हणायच्या आधी

मंडळी, अर्ज भरताना गोल चक्र फिरायला लागलं की आपण लगेच म्हणतो, सर्व्हर डाऊन. सेवा केंद्रवालाही तेच सांगतो, उद्या या. पान पिवळं दिसलं की मूळ न बघता युरिया फेकण्यातलाच हा प्रकार. बऱ्याचदा सर्व्हर चालू असतो, त्याच्याकडे पोचलेली माहितीच बिघडलेली असते.

क्षेत्राचंच घ्या. सातबाऱ्यावर ०.८०.०० असं असतं, म्हणजे हेक्टर, आर, चौरस मीटर. टिंबं दोन. आपल्याला कळतं, पण फॉर्मला एकच टिंब असलेली संख्या लागते. त्यात कुणी मराठी कीबोर्डवर ०.८० टाकलं तर आणखी गंमत. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट मराठी आकड्यांना संख्या मानत नाही. ती 'ही संख्या नव्हे' अशी खूण करते, आणि माहिती जेसन होऊन निघताना त्या खुणेच्या जागी रिकामं जातं. स्क्रीनवर ०.८० दिसतंय, पलीकडे क्षेत्रच नाही! सर्व्हरवर वापरतात ती पायथन भाषा मात्र हेच मराठी आकडे बिनतक्रार वाचते. म्हणजे मराठीचं खापर मराठीवर फोडू नका, फॉर्म बनवणाऱ्याने तपासलं नाही एवढंच.

फोटोचं तसंच. मोबाइलचा फोटो सहज तीन-चार एमबीचा निघतो. एनजिनएक्स हा सर्व्हर, सेटिंग मुद्दाम बदललं नाही तर, १ एमबीच्या वरचं काही आत घेत नाही. ४१३ क्रमांक देऊन परत पाठवतो. आपल्याला दिसतं काय, तर 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा'. पुन्हा काय कपाळ? दहा वेळा पाठवला तरी फोटो तेवढाच राहणार.

कधी अर्ज पोचतो, पण रेंज गेल्याने पोच येत नाही. आपण परत बटण दाबतो नि दुबार अर्जाची भानगड निस्तरत बसतो. फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक दिला आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद केली नाही, की हा विषय संपतो. अवघड काम नाही हे.

माझं म्हणणं, कोणता रकाना अडला ते मराठीत सांगणं हे फॉर्म बनवणाऱ्याचंच काम. शेतकरी कंपन्यांसाठी फॉर्म करणाऱ्या कृषी पदवीधर मित्रांनो, मराठी आकडे, दोन टिंबं नि ४ एमबीचा फोटो टाकून बघा. तेही ऑफिसच्या वायफायवर नको, बांधावर उभं राहून.

आणि केंद्रावर अडलात तर संगणकावर एफ १२ दाबून नेटवर्क हा भाग उघडायला लावा, मग सबमिट करा. लाल ओळीवर क्रमांक दिसेल. साधारणपणे ४०० च्या घरातला असेल तर पाठवलेल्यात खोट, ५०० च्या घरातला असेल तर त्यांच्याकडची. त्याचा फोटो तक्रारीला जोडा, फक्त आधार नि खाते क्रमांक झाकून.