सूर्याच्या उष्णतेने गोडे पाणी : तहानेसाठी, शेतीसाठी नव्हे

उरण-पेणकडील मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना सूर्याच्या सामर्थ्याची निराळी साक्ष नको. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतले की उन्हाने त्याची वाफ होते व मीठ मागे राहते. मिठागरात मीठ ठेवून घेतात आणि वाफ वाऱ्यावर सोडून देतात. ती वाफच अडवून धरली तर गोडे पाणी मिळेल, या साध्या विचारावर सौर ऊर्ध्वपातनाचे साधन आधारलेले आहे.

तळाला काळा रंग दिलेल्या उथळ हौदात दोन-तीन बोटे खारे पाणी भरतात व त्यावर उतरती काच घट्ट बसवितात. पाण्याची वाफ काचेच्या आतील बाजूस निवून तिचे थेंब होतात. ते उतारावरून पन्हळीत व पन्हळीतून भांड्यात येतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते सर्व हौदातच राहतात. यास इंधन लागत नाही. किनाऱ्यावरील ज्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचे पाणी मचूळ होते व स्त्रियांना हंडे घेऊन दूर जावे लागते, तेथे या साधनाविषयी आशा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि समुद्राच्या पाण्यावर बागा फुलविण्याची भाषा जेव्हा होते, तेव्हा हिशेब मांडणे अवश्य ठरते.

चांगल्या उन्हात एक चौरस मीटर काचेखाली दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी मिळते. एक गुंठा जागा पूर्णपणे काचेने झाकली, तर तीनशे लिटर मिळतील. त्याच एका गुंठ्याच्या पिकास पाच सेंटिमीटरचे एक हलके पाणी द्यावयाचे तर पाच हजार लिटर लागतात. म्हणजे गुंठाभर काच सतरा दिवस तापेल, तेव्हा गुंठाभर पिकाची एक पाळी होईल. हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारा नाही.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात लास सालिनास येथे १८७२ साली सोऱ्याच्या खाणीवरील जनावरांसाठी सुमारे ४,७०० चौरस मीटरांचे असे साधन उभारण्यात आले. ते खाऱ्या पाण्यापासून दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी देत असे व सुमारे चाळीस वर्षे चालले. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ साली गुजरातमधील अवाणिया गावी दररोज ५,००० लिटर क्षमतेचे साधन बसविले. दोन्ही ठिकाणी हेतू तहान भागविण्याचा होता, ओलिताचा नव्हता.

तरीही कोकणातील गावाने प्रथम आपल्या कौलांकडे पाहावे. येथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरांच्या छपरावर त्याचे एक लाख लिटर पाणी होते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला पंचवीस लिटर धरले, तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांस तीन हजार लिटर पुरतात. एवढ्या पाण्याची झाकलेली टाकी बांधणे सोपे आहे. तेवढेच पाणी काचेखाली रोज मिळविण्यास आठ-नऊ चौरस मीटरांचे साधन लागेल.

जेथे पाऊस तोकडा व भूजल खारे, किंवा टाकीचे पाणी पुरत नाही, तेथे मात्र सौर साधन अवश्य बसवावे. बसविण्यापूर्वी त्याची निगा कोण राखणार हे ग्रामसभेत ठरवून घ्यावे. काचेवरील धूळ नित्य पुसावी, फटी वेळीच बुजवाव्यात, हौदातील दाट झालेले खारे पाणी वरचेवर काढावे व ते विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नये. मिळालेले पाणी सपक लागते. त्यात उकळून गार केलेले विहिरीचे थोडे पाणी मिसळावे. पावसाळ्यात त्याच काचेवरून वाहणारे पावसाचे पाणीही साठविता येते.

ग्रामसेवकाने गावास हा हिशेब आधीच सांगावा. ओलिताच्या आशेने उभारलेले साधन पहिल्याच उन्हाळ्यात निराशा करील आणि त्यानंतर सांगितलेल्या चांगल्या गोष्टीवरही गाव विश्वास ठेवणार नाही. घागरभर पाण्यासाठी उभारलेले साधन मात्र आपले काम चोख करील.