कर्कश गाण्यांचा अर्थ कोणी लावायचा?

ऑझी ऑझबर्न हा इंग्लिश गायक २२ जुलै २०२५ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी निधन पावला. 'हेवी मेटल' या संगीतप्रकाराच्या जनकांत त्याची गणना होते. हे संगीत आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांना सोसत नाही, हे मान्य. महाविद्यालयाच्या आवारात कवटीची चित्रे असलेले काळे सदरे घालून वावरणारी मुले पाहिली की प्राध्यापक कक्षात नापसंतीची कुजबुज होते, तीही समजण्यासारखी आहे. परंतु या गाण्यांतील शब्दांवरून अमेरिकेत जे वाद झाले, ते अभिरुचीचे नव्हते. एखाद्या रचनेचा अर्थ कोणी लावायचा, आणि तो लावताना कोणते पथ्य पाळायचे, असा तो प्रश्न होता.

ऑझबर्नच्या १९८० सालच्या तबकडीवर 'सुइसाइड सोल्यूशन' नावाचे गाणे आहे. १९८४ साली कॅलिफोर्नियातील एका १९ वर्षांच्या तरुणाने आपले जीवन संपविले. त्या रात्री तो याच गायकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकत होता. आईवडिलांनी गायकावर व कंपनीवर दावा लावला. आत्महत्या हाच उपाय, असा शीर्षकाचा सरळ अर्थ त्यांनी घेतला. वस्तुतः 'सोल्यूशन' या शब्दाचा 'उपाय' हा जसा एक अर्थ आहे, तसा 'द्रावण' हाही आहे. गाणे दारूविषयी आहे. पेल्यातले द्रावण म्हणजे सावकाश केलेली आत्महत्या, असा तो श्लेष आहे. आणि श्लेष तर आपण शाळेतच शिकवितो! कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९८८ मध्ये पालकांचे अपील फेटाळले. गाण्यातील शब्द म्हणजे अक्षरशः पाळावयाची आज्ञा, असे कोणीही विचारी माणूस समजणार नाही, असे मत न्यायालयाने नोंदविले.

याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये काही राजकारण्यांच्या पत्नींनी पुढाकार घेऊन एक पालक संघटना स्थापन केली होती. तिच्या तक्रारीवरून १९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. 'ट्विस्टेड सिस्टर' या वृंदाच्या 'अंडर द ब्लेड' या गाण्यात लैंगिक अत्याचाराचे वर्णन असल्याचा आक्षेप टिपर गोर यांनी घेतला होता. त्याला उत्तर द्यायला गायक डी स्नायडर स्वतः हजर राहिला. आपल्या गिटारवादकाच्या घशावर शस्त्रक्रिया व्हायची होती, तिच्या भीतीवर हे गाणे आहे, असे त्याने सांगितले. उरलेले सारे आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात आहे, असेही सुनावले. कवीने स्वतः सांगितलेला अर्थच अखेरचा, असे मी म्हणत नाही. पण शस्त्रक्रियेच्या मेजावर पडलेल्या असहाय माणसाचे चित्र तेथे दिसू शकते, एवढे तरी चिकित्सक वाचकाला सुचावयास हवे होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या सुनावणीत आणखी एक गोष्ट खुपते. रिकाम्या कॅसेटींवर कर बसवावा, अशी ध्वनिमुद्रण कंपन्यांची मागणी त्या वेळी प्रतिनिधिगृहापुढे होती. हा कर पदरात पाडून घ्यावयाचा असल्यामुळेच कंपन्या नमते घेत आहेत, असा आरोप संगीतकार फ्रँक झापा याने त्याच समितीपुढे केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कंपन्यांनी इशारेवजा पट्ट्या लावण्याचे मान्य केले.

या गाण्यांचा उगम जेथे झाला, ते स्थळ या साऱ्या चर्चेत कोठेच आले नाही. ऑझबर्नचा 'ब्लॅक सॅबथ' हा वृंद बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतला. तो स्वतः काही काळ कत्तलखान्यात नोकरीला होता. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करी. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणे केली. पुढे तारा सैल लावून तो वाजवू लागला आणि त्यांतून तो जड, खोल नाद आला. आपल्याला कर्णकटू वाटणाऱ्या आवाजाचा काही अंश असा औद्योगिक अपघाताचा आहे. त्यांचे १९७० सालचे 'वॉर पिग्ज' सैतानपूजक ठरविले गेले. त्यात चेटकिणींचा मेळा आहे खरा. पण ती उपमा आहे, आणि ती गरिबांच्या मुलांना रणांगणावर धाडणाऱ्या सेनापतींना दिलेली आहे. शेवटी ते ईश्वराच्या न्यायासनापुढे गुडघे टेकतात. चर्चच्या प्रवचनात शोभावा असा हा शेवट!

'ज्युडास प्रीस्ट' हा वृंदही याच परिसरातला. त्यांची 'ब्रिटिश स्टील' ही तबकडी एप्रिल १९८० मध्ये निघाली. त्याच नावाच्या सरकारी पोलाद महामंडळातील तीन महिन्यांचा संप नुकताच मिटला होता. त्या वर्षी ब्रिटनमधील बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली, जानेवारी १९८२ मध्ये तीस लाखांवर. त्या तबकडीवरील 'ब्रेकिंग द लॉ' या गाण्यातला 'मी' काम नसलेला, दिवस ढकलणारा तरुण आहे. त्याच्या तोंडची भाषा गायकाची कबुली किंवा श्रोत्याला दिलेली चिथावणी समजणे, म्हणजे नाटकातील पात्राच्या अपराधासाठी नटाला पकडणे होय.

अर्थात या प्रकारातील सर्वच रचनांची वकिली करण्याचे कारण नाही. रक्त आणि कवट्या यांचा पुष्कळसा व्यवहार निव्वळ मालविक्रीचा आहे; कित्येक गाण्यांतील स्त्रीविषयक तुच्छता तर कोणत्याही अन्वयार्थाने धुऊन निघणारी नाही. नॉर्वेत १९९२ पासून काही वादकांनी प्रत्यक्ष चर्चेस जाळली. तो गुन्हा होता, आणि शिक्षा गाण्यांना नव्हे, गुन्हेगारांना झाली.

सर्वांत करुण प्रकरण नेव्हाडा राज्यातील रेनोचे. डिसेंबर १९८५ मध्ये दोन तरुणांनी मद्य व गांजाच्या अमलाखाली, 'ज्युडास प्रीस्ट'ची तबकडी ऐकल्यावर स्वतःवर गोळी झाडून घेतली. एक जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. गाण्याच्या शब्दांना घटनेचे संरक्षण असल्यामुळे वकिलांनी शब्द सोडून दिले, आणि ध्वनीत दडवलेली एक सुप्त आज्ञा असल्याचा दावा केला. ज्या गाण्यावरून हे चालले, ते तर मुळात 'स्पूकी टूथ' या दुसऱ्याच वृंदाचे. उलट्या फिरविलेल्या फितीतून मोडक्या खुर्चीविषयीचे वाक्यही ऐकू येते, हे गायक रॉब हॅलफर्डने न्यायालयात वाजवून दाखविले. २४ ऑगस्ट १९९० रोजी निकाल लागला: ती तथाकथित आज्ञा म्हणजे गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा एक स्वर यांचा योगायोगाने झालेला मेळ. अर्धवट सुटलेली शाळा, व्यसन आणि घरातील मारहाण यांचा पुरावा बचाव पक्षाने पुढे ठेवला होता. मात्र दाव्याचा विषय तो नव्हता.